रोबोट सेशनमधून बाहेर कधी जाणार, हे आधी विचारा

सातपूरहून एका बाबांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पाच वर्षांचा, साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. शब्द भरपूर आहेत, पण ‘पाणी दे’ म्हणत नाही. दिवसभर ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ चालू. आजोबा दर रविवारी त्याला नाशिकरोड स्टेशनवर गाड्या दाखवायला नेतात, तिथून ते वाक्य आलंय. आता एका सेंटरने ‘रोबोट थेरपी’चं पॅकेज सांगितलंय, ४० सेशन, ४५ हजार रुपये. घ्यावं का? की परदेशातून रोबोट मागवून घरीच ठेवावा? आणि आजोबांचं म्हणणं, पोरगं आधीच यंत्रासारखं बोलतंय, त्यात आणखी यंत्र कशाला?

मी गंगापूर रोडला सोळा वर्षं स्पीच थेरपी करते. त्यातलं दीड वर्ष माझ्याही सेंटरमध्ये एक छोटा रोबोट होता, त्यामुळे हे नुसतं वाचून सांगत नाहीये. मुलगा मी पाहिलेला नाही. त्याला आवाजाचा त्रास होतो का, तो बोटाने काही दाखवतो का, झोप कशी आहे, यावर माझं उत्तर इकडचं तिकडे होऊ शकतं. ते धरून वाचा.

‘रोबोटने फायदा होतो का’ असं तुम्ही विचारलंय. होतो, पुष्कळ मुलांना त्या खोलीत, त्या टेबलावर होतो. तुम्हाला खरं हवंय ते वेगळं: रोबोटसमोर जे जमलं ते आजोबांसमोर, स्वयंपाकघरात, शाळेच्या रिक्षात जमेल का? सगळा व्यवहार इथे अडतो, आणि पॅकेज विकणारे नेमकं याच्यावर बोलत नाहीत.

आधी रोबोट मुलांना का आवडतो ते सांगते. मुलाला जवळ बोलवायचं तर आपण काय करतो बघा. ‘ये.’ मग ‘ये ना रे.’ मग ‘इकडे ये बघू.’ मग ‘कुठाय माझा राजा?’ आपल्या लेखी एकच गोष्ट चारदा सांगितली. त्याच्या कानाला ती चार निराळी वाक्यं, चार निराळे सूर. शिवाय भुवया हलतायत, बांगड्या वाजतायत, आणि आज मावशीने वेगळंच तेल लावलंय. रोबोट ‘ये’ म्हणतो. थांबतो. पुन्हा तेच ‘ये’, त्याच सुरात. कंटाळत नाही, चिडत नाही, ‘कितीदा सांगायचं’ म्हणत नाही. चेहऱ्यावर वाचायचं फारसं काही नाही, म्हणून मुलाला दम खायला जागा मिळते.

ही कल्पना काही आजची नाही. १९७६ मध्ये एडिंबरात सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी जमिनीवर फिरणारं, कॉम्प्युटरवरून हुकूम घेणारं ‘लोगो’ या प्रोग्रॅमिंग भाषेचं यांत्रिक कासव सात वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाला चालवायला दिलं होतं. पुढे इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात कास्पर झाला, लहान मुलाएवढा, मुद्दाम कमी हावभावांचा. जपानमध्ये हिदेकी कोझिमा यांनी कीपॉन केला, दोन पिवळे चेंडू एकावर एक ठेवल्यासारखा, तो फक्त झुलतो, वळतो आणि दचकल्यासारखा उसळतो. सगळ्यात जास्त फोटोत दिसतो तो फ्रान्सचा नाओ, ५८ सेंटिमीटर उंच. तुमच्या सेंटरच्या जाहिरातीतही बहुतेक त्याचाच फोटो असेल, प्रत्यक्षात टेबलावर काय आहे ते जाऊन बघा.

अभ्यासांपैकी एकच सांगते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांना तो लागू पडतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या गटाने २०१८ मध्ये तो छापला. बारा मुलांच्या घरी महिनाभर रोबोट ठेवला, रोज अर्धा तास खेळ. पण त्या अर्ध्या तासात मुलासोबत घरातलं मोठं माणूस बसलेलं असायचं, आणि रोबोट मधूनमधून त्या माणसाकडे वळून मुलाची नजर तिकडे न्यायचा. महिन्याअखेरीला मुलं माणसांसोबत, रोबोट खोलीत नसतानाही, लक्ष जुळवण्यात, म्हणजे समोरचा बघतोय तिकडेच त्याच्यासोबत बघण्यात, सुधारली होती. रोबोट काढून घेतल्यावर महिनाभराने पुन्हा तपासलं तेव्हा त्यातलं काही ओसरलं होतं. बारा मुलं म्हणजे मूठभर, आणि तुलनेला रोबोट न दिलेला दुसरा गट नव्हता. तरी यातून माझ्यासारखीने दोन गोष्टी उचलल्या: माणूस शेजारी हवा, आणि रोबोट गेल्यावर काय, ही तयारी आधीपासून हवी.

आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. थेरपीतले बरेच रोबोट स्वतःच्या बुद्धीने बोलत नाहीत. शेजारच्या खोलीतून किंवा टॅबवरून कुणीतरी बटणं दाबत असतं. म्हणजे आपली कळसूत्री बाहुलीच. यात फसवणूक नाही, उलट मला तेच सुरक्षित वाटतं; मुलगा दोन सेकंद उशिरा बोलला तर माणूस थांबतो, प्रोग्रॅम पुढे निघून जातो. पण मग दोरी कुणाच्या हातात आहे, हे बघायला नको का? दोरी ओढणाऱ्याला मुलं कळत असतील तर बाहुली कामाची. त्याला फक्त टॅब कळत असेल तर ४५ हजारांत तुम्ही खेळ बघून याल.

आता माझं. इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाची चार पोरं प्रोजेक्टसाठी आली होती. टेबलावर मावेल एवढा रोबोट, मान आणि दोन हात हलणारे, छातीत दिवा. आम्ही पहिला खेळ ठरवला पाळीचा: ठोकळा एकदा मी ठेवायचा, एकदा त्याने. रोबोटला मराठी बोलायला लावलं, पण त्याच्या आवाजात ‘ळ’ नव्हता. तो म्हणाला, ‘माझी पाली.’ समोर सहा वर्षांची मुलगी होती, अतिशय शब्दाला धरून चालणारी. तिने ठोकळा खाली ठेवला आणि भिंतीवर, ट्यूबलाइटच्या मागे, पाल शोधायला लागली. शोधतच राहिली. ‘पाली?’ असं दोनदा तिने मला विचारलंही. खरं सांगायचं तर त्या दिवशीचा सगळ्यात चांगला संवाद तोच झाला, तिचा आणि माझा, आणि तो रोबोटच्या चुकीमुळे.

पुढे आम्ही मशिनचा आवाज काढून टाकला आणि तिच्या आत्याचा आवाज रेकॉर्ड करून भरला. तिला रोबोट फार आवडला. तीन आठवड्यांत ती त्याला बघून हात जोडून ‘नमस्कार’ म्हणायला लागली, न सांगता. आईने व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मीही खूश होते. मग एक दिवस आजी न्यायला आली, दारात उभी राहून हात जोडून ‘नमस्कार’ म्हणाली, आणि मुलगी तिच्या बाजूने निघून चप्पल घालायला गेली. आजी तशीच हात जोडून उभी. तिच्या नातीने नमस्कार शिकलेला होता, पण तो रोबोटला करायचा असतो, एवढंच शिकली होती. चूक मुलीची नव्हती, माझी होती. मी तिला तेच शिकवलं होतं.

त्यानंतर आम्ही उलटं केलं. आजीला पहिल्या मिनिटापासून आत बसवलं. आधी रोबोट ‘नमस्कार’ म्हणायचा आणि मान आजीकडे वळवायचा. आजी तेच, त्याच सुरात म्हणायची. मग रोबोटचा आवाज बंद, फक्त मान वळायची, बोलायचं आजीने. मग मानही बंद, तो नुसता टेबलावर. मग टेबलावरून कपाटावर. मग कपाटात. प्रत्येक पायरीला मुलगी मागे सरकली की आम्हीही एक पायरी मागे. याला अकरा आठवडे लागले, आणि खरी थेरपी मला विचाराल तर ती या अकरा आठवड्यांत झाली; पहिल्या तीन आठवड्यांत फक्त व्हिडिओ झाला.

म्हणून सेंटरला पहिला प्रश्न विचारा: रोबोट सेशनमधून बाहेर कधी आणि कसा जाणार? ‘मूल तयार झालं की बघू’ हे उत्तर नाही. पायऱ्या लिहून दाखवल्या पाहिजेत. त्या नसतील तर बाकी काही विचारण्यात अर्थ नाही, चहा घेऊन परत या.

सगळ्यांनाच रोबोट मानवतो असंही नाही. माझ्याकडे एक मुलगा हात हलताना होणाऱ्या मोटरच्या ‘घीं’ आवाजाने कानावर हात दाबून टेबलाखाली गेला; दोन सेशननंतर आम्ही त्याच्यासाठी तो विषय बंद केला. दुसऱ्या एकाला रोबोट इतका आवडला की त्याने त्याला आडवा करून तळाचे स्क्रू मोजले, आणि पुढचे आठ दिवस स्क्रूच. तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण शेवटी आम्ही स्क्रूवरच बोलायला लागलो, पण त्यासाठी रोबोट लागत नव्हता, पेचकस पुरला असता. मुलाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय बसवू नका.

आता तुमच्या ‘यात्रीगण’कडे येते, कारण मला तिथेच जास्त जीव दिसतोय. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, नंतर केव्हातरी म्हणणं, याला आम्ही इकोलालिया म्हणतो. पूर्वी ते बंद करायच्या मागे लोक असायचे. आता आम्ही आधी बघतो की मूल ते कधी म्हणतं. चप्पल बघून? रविवारी सकाळी? कंटाळल्यावर? घाबरल्यावर? बऱ्याचदा त्या अख्ख्या वाक्याचा अर्थ एकच शब्द असतो: ‘बाहेर’. किंवा ‘आजोबा’. तुमचा मुलगा बहुधा काहीतरी मागतोय, फक्त रेल्वेच्या भाषेत. आठ दिवस लिहून ठेवा, म्हटलं कधी आणि त्याच्या आधी काय झालं होतं.

आणि म्हणूनच तुमच्या मुलाबाबत रोबोटची मला एक वेगळी काळजी आहे. तो ठरलेली, सपाट, एकसारखी वाक्यं चटकन उचलणारा मुलगा आहे. ठरलेली, सपाट, एकसारखी वाक्यं म्हणणारं यंत्र समोर ठेवलं तर तो तीही उचलेल. पहिल्या महिन्यात सेंटरवाले सांगतील, ‘बघा, बारा नवीन वाक्यं आली.’ आली असतील. पण तुमच्या घरात स्टेशनच्या एका घोषणेऐवजी तेरा घोषणा होतील. तेव्हा रोबोटच्या तोंडी घालायची वाक्यं लहान, मराठी, आणि तुमच्या घरात खरोखर बोलली जाणारी असली पाहिजेत. ‘पाणी.’ ‘अजून.’ ‘नको.’ ‘चल.’ तुमच्या घरात पाण्याला काय म्हणता, मुलाला कोणत्या नावाने हाक मारता, हे सेंटरने पहिल्या दिवशी विचारलं नाही तर समजून जा. मी एक प्रात्यक्षिक पाहिलंय, विकणाऱ्यांनी ठेवलेलं, त्यात रोबोट निफाडकडच्या एका पोराला इंग्रजीत विचारत होता, आज तुला कसं वाटतंय. पोराच्या आईला वाटलं आपलंच पोर कमी पडतंय.

पैशांचं आता. ४५ हजारांत ४० सेशन म्हणजे एकाला सव्वाअकराशे. माझ्याकडे पाऊण तासाचे सहाशे होतात, त्या हिशेबाने तेवढ्यात ७५ साधी सेशन बसतात. साध्या सेशनमध्येही थेरपिस्ट वाईट असू शकते, तेव्हा नुसता आकडा बघू नका. खोलीत बसणाऱ्या माणसाची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी बघा, नंबर मागितला तर चांगला माणूस रागावत नाही. पाऊण तासातला रोबोट किती मिनिटं, माणूस किती मिनिटं, हे विचारा. मी दहा मिनिटांच्या वर रोबोट कधी ठेवला नाही. तुम्हाला आत बसू देतात का, हेही विचारा. काच लावून बाहेर बसवणार असतील तर मला ते पटत नाही, कारण घरी जाऊन पुढचं करायचंय ते तुम्हालाच. आणि कॅमेरा चालू असतो का, व्हिडिओ कुठे जातात? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. फॉर्मवर सही करताना तो कागद वाचा, मुलाचा चेहरा जाहिरातीत जायला नको असेल तर तसं हाताने लिहून सही करा.

उद्दिष्ट काय लिहिलंय तेही बघा. ‘डोळ्यांत बघणे ८० टक्के’ असं असेल तर ते खोडायला सांगा. मोठे झालेले किती तरी ऑटिस्टिक लोक सांगतात की डोळ्यांत बघायला लावलं की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येईनासं होतं. बोटाने दाखवणं, वस्तू आणून देणं, ‘नको’ म्हणता येणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, ही कामाची उद्दिष्टं.

घरी रोबोट विकत घ्यावा का? नको. दोन कारणं. एक, शेजारी माणूस बसला नाही तर तो महागडा टीव्ही होतो, आणि शिफ्ट करून आल्यावर तुम्ही रोज बसाल असं मला तरी वाटत नाही. मी असते तर मीही बसले नसते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. यातले बरेच रोबोट कंपनीच्या सर्व्हरवर जगतात. येलच्या अभ्यासात जो रोबोट वापरला होता, जिबो, त्याचे सर्व्हर बंद होणार हे २०१९ मध्ये त्याने स्वतःच्याच तोंडाने घराघरांत सांगितलं. मॉक्सी नावाचा रोबोट मुलांसाठीच होता, ७९९ डॉलरचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद पडत असल्याचं जाहीर झालं, आणि आईबापांना मुलांना समजवायची वेळ आली की तुझा मित्र आता बोलणार नाही. नाओची फ्रेंच कंपनीही २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या मुलाची जेवणाची स्टीलची वाटी बदलली तरी त्याचा दिवस बिघडतो, त्याला अशी गोष्ट लावून देऊन मग एक दिवस ती मुकी होणार, हे मला तरी करवणार नाही. सेंटरलाही विचारा, इंटरनेट गेलं किंवा कंपनी बुडाली तर तुमचा रोबोट चालतो का.

थोडक्यात माझं मत: पूर्ण पॅकेज आज घेऊ नका, सहा सेशन मागा. देत नसतील तर सोडून द्या. देत असतील तर आधी घरी मोजा. रात्रीच्या जेवणाची दहा मिनिटं धरा. त्यात मुलाने आपणहून कुणाला काही दाखवलं, मागितलं, हात धरून नेलं, असं किती वेळा झालं. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहा, बस. ‘यात्रीगण’ म्हणत चपलेकडे ओढलं तर तेही मोजा, ते मागणंच आहे. आठ दिवस असं केलं की तुमचा आधीचा आकडा तयार. मग सहा सेशन, आणि पुन्हा आठ दिवस. सेंटरमधला आकडा त्यांचा, कालनिर्णयवरचा तुमचा. तुमचा हलला नाही तर पुढचे ३४ नकोत, त्यांचा कितीही हलला असो. आजारपण, पाहुणे, सण यांत आकडे घसरतात, ते आठवडे सोडून द्या. चालू असलेली स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी मात्र रोबोटसाठी बंद करू नका, ही चूक मी दोन घरांत पाहिलीय.

एक सरकारी गोष्ट, कारण बऱ्याच जणांना माहीत नसते: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच आहे आणि नियमित थेरपीचा काही खर्चही त्यात ठरावीक मर्यादेत बसतो. कागद जमवायला वैताग येतो, पण जमवा.

राहता राहिले आजोबा. त्यांना सांगा, त्यांचं यंत्राबद्दलचं म्हणणं मला अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनीच थोडं यंत्र व्हायचंय. रविवारी निघताना दारात चप्पल घालून उभं राहायचं, खाली त्याच्या उंचीला बसायचं, आणि अगदी स्टेशनसारख्या सुरात ‘यात्रीगण कृपया’ एवढंच म्हणायचं. मग गप्प. दहापर्यंत मनात मोजायचं. फार वाटतं, पण मोजायचं. त्याने ‘ध्यान दें’ म्हटलं की लगेच दार उघडायचं आणि त्याच सुरात एकच शब्द: ‘चल’. दर वेळी तोच शब्द, तोच सूर, मध्ये ‘चला चला माझं सोनं’ नको. चार-पाच रविवारांनी ‘यात्रीगण’ गाळून नुसतं दारात उभं राहून थांबायचं. तेव्हा पोरगं काय म्हणतं, ते मला नक्की कळवा.